गॅलरीची सळई वर, खोलीची खाली

स्लॅब पडायच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या बांधकामावर चक्कर मारली, तर सेंट्रिंगच्या प्लेटांवर सळयांची जाळी अंथरलेली दिसते. खोलीच्या मधल्या भागात ही जाळी तळाशी असते, प्लेटेपासून जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर वर. भिंत ओलांडून गॅलरीकडे गेलं की मुख्य सळया मात्र वर चढलेल्या असतात, जवळजवळ स्लॅबच्या माथ्यापर्यंत. स्लॅब एकच, काँक्रीट एकाच मिक्सरमधलं, जाडीही तीच. मग सळईने जागा का बदलली?

फिटरला विचारलं तर तो सांगेल, ड्रॉइंगमध्ये तसंच आहे. ते ड्रॉइंग काढणाऱ्याला उत्तर मिळतं सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. बारावीनंतर मुलीने किंवा मुलाने सिव्हिल घेतलं की घरच्यांना वाटतं, आता हे घरं बांधायला शिकणार. खरं तर वीट रचायला, प्लेटा लावायला, सळई वाकवायला या चार वर्षांत फारसं कुणी शिकवत नाही. ती कामं गवंडी आणि फिटर कितीतरी चांगली जाणतात. कॉलेज शिकवतं ते भाराचा माग काढायला. गच्चीवर ठेवलेल्या पाण्याच्या टाकीचं वजन कोणत्या वाटेने जमिनीत जातं, वाटेत कुठे काय दाबलं जातं, कुठे काय ताणलं जातं, आणि हे सगळं डोळ्यांना दिसत नसताना आकड्यांत कसं पकडायचं, हा या शिक्षणाचा कणा आहे.

खोडरबर वाकवून पाहा

एक लांबट, जाड खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर पेनाने थोड्या थोड्या अंतरावर उभ्या रेघा ओढा. दोन्ही टोकांखाली एकेक पेन्सिल ठेवून मध्यभागी बोटाने दाबा. खालच्या बाजूला रेघांमधलं अंतर वाढतं, वरच्या बाजूला त्या एकमेकींजवळ येतात. म्हणजे तळ ताणला जातोय आणि माथा दाबला जातोय. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की तो ना ताणला जातो ना दाबला जातो. दोन भिंतींवर टेकलेल्या खोलीच्या स्लॅबचं नेमकं हेच होतं.

आता तेच खोडरबर टेबलाच्या काठावर एका टोकाने घट्ट धरा, दुसरं टोक बाहेर राहू द्या आणि ते खाली दाबा. चित्र उलटं होतं. माथ्यावरच्या रेघा फाकतात, तळाच्या जवळ येतात. ही झाली गॅलरी.

काँक्रीट दाब सहन करण्यात पक्कं आहे. एम-२० दर्जाच्या काँक्रीटचा १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा फुटायला सुमारे ४५ टन वजन लागतं. ताणात मात्र ते दुबळं. त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकीच. म्हणून जिथे ताण, तिथे पोलाद. खोलीत तळाशी, गॅलरीत माथ्याशी. या दोघांचा संसार टिकतो याला दोन कारणं आहेत. उन्हाने दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढतात, त्यामुळे एकमेकांपासून सुटत नाहीत. आणि काँक्रीटच्या अल्कधर्मी स्वभावामुळे आतली सळई गंजण्यापासून बराच काळ वाचते. जोसेफ मोनिए या फ्रेंच बागकाम करणाऱ्याने झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजचे उड्डाणपूल त्याच कल्पनेवर उभे आहेत.

या धड्याची खरी किंमत स्लॅब ओतताना कळते. काँक्रीटच्या पाट्या वाहणारे मजूर गॅलरीच्या वरच्या सळयांवर पाय देऊन चालतात. खाली आधाराला लोखंडी चेअर पुरेशा नसतील तर सळया दबून खाली बसतात. साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये तळापासून दहा सेंटिमीटर उंचीवर असायला हवी ती सळई सहावर आली, तर गॅलरीची ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी घटते. सळई तितकीच, पैसे तितकेच, आणि वरून काँक्रीट पडल्यावर कुणाला काही दिसतही नाही. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स या विषयाला मुलं घाबरतात, पण साइटवर उभं राहिल्यावर तोच विषय सर्वांत जास्त आठवतो.

याच विषयात आणखी एक हिशेब येतो, आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकायला हवा. दिवाणखाना मोठा हवा म्हणून बीमची लांबी दुप्पट केली, तर दर मीटरवरचा भार तोच असला तरी बीमला वाकवणारा जोर चौपट होतो. आणि जाडी तशीच ठेवली तर बीमची झोळ सोळापट होते. मधला कॉलम काढून टाका म्हणणाऱ्या मालकाला इंजिनिअर लगेच हो म्हणत नाही, ते यामुळे.

एका खोलीचं वजन

पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये एकच गोष्ट नाना तऱ्हांनी घोटून घेतली जाते. जे स्थिर आहे, त्यावरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य असली पाहिजे. स्लॅब खाली पडत नाही, म्हणजे त्याच्या वजनाइतकंच बल कुणीतरी वर लावत आहे. कोण ते शोधा. मग त्या कुणाला कोण पेलतंय ते शोधा.

तीन मीटर बाय चार मीटरची खोली घेऊ. सळयांसकट काँक्रीट दर घनमीटरला सुमारे अडीच टन भरतं. साडेबारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब धरला तर बारा चौरस मीटरला झाले पावणेचार टन. त्यावर फरशी आणि तिच्याखालचा थर, सुमारे सव्वा टन. राहत्या घरात माणसं, कपाटं, लग्नाच्या दिवशीची गर्दी यांच्यासाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो धरायचे असतात, म्हणजे आणखी जवळपास अडीच टन. भिंती न धरताच एका साध्या खोलीच्या छताचा भार सात टनांच्या पुढे गेला. हा भार स्लॅबकडून बीमकडे, बीमकडून कॉलमकडे, कॉलमकडून पायाकडे उतरतो आणि प्रत्येक मजल्यावर त्यात भर पडत जाते.

इमारतीचे सगळे बीम आणि कॉलम एकजीव ओतलेले असल्यामुळे कोण किती भार उचलतो हे नुसत्या बेरीज-वजाबाकीने कळत नाही. जो सांधा जास्त ताठ, तो जास्त भार ओढून घेतो. तिसऱ्या वर्षाचा स्ट्रक्चरल ॲनालिसिस हा विषय ही वाटणी शिकवतो. आज हे काम सॉफ्टवेअर काही सेकंदांत करतं. तरीही हाताने सोडवलेली गणितं अभ्यासक्रमातून काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. भार टाकताना एक शून्य चुकलं तरी संगणक दशांश चिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत उत्तर देतो. उत्तर साधारण किती यायला हवं याचा अंदाज ज्याच्या डोक्यात आधीच आहे, त्यालाच ती चूक दिसते.

दीडपट कशासाठी?

हिशेबात आलेल्या भाराला दीडने गुणायचं आणि मग त्या वाढीव भारासाठी बीम आखायचा, असं काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ नेहमीच्या भारांसाठी सांगतं. नवख्या विद्यार्थ्याला हा निव्वळ घाबरटपणा वाटतो.

त्यामागे अनिश्चिततेचा रोखठोक हिशेब आहे. माणसं घरात काय ठेवतील ते आज सांगता येत नाही. काँक्रीटचंही तसंच. एकाच दिवशी, एकाच मिक्सरमधून भरलेले ठोकळे २८ दिवसांनी यंत्रात फोडले तर प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. म्हणून एम-२० म्हणजे प्रत्येक ठोकळा चौरस मिलिमीटरला २० न्यूटन पेलेलच अशी हमी मानायची नसते. वीस न्यूटनच्या खाली शंभरातले पाचांपेक्षा जास्त निकाल जाण्याची अपेक्षा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा आखणीत काँक्रीटची ताकद दीडने भागून घ्यायची आणि पोलादाची १.१५ ने. पोलाद कारखान्यात, देखरेखीखाली तयार होतं, काँक्रीट बहुतेकदा धुळीत आणि घाईत. म्हणून पोलादावर विश्वास थोडा जास्त. शंका आहे म्हणून थांबायचं नाही, तिला आकडा द्यायचा आणि पुढे जायचं, ही या पेशाची पद्धत मला फार प्रामाणिक वाटते.

काँक्रीट वाळत नाही

स्लॅब पडल्यावर त्याच्यावर मातीची किंवा सिमेंटची आळी करून पाणी साठवतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काँक्रीट वाळून कडक होत असेल, तर त्यावर पाणी कशाला?

कारण ते वाळून कडक होतच नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन बारीक स्फटिकांचं जाळं तयार होतं आणि ते खडी-वाळूला जखडून ठेवतं. ही क्रिया पहिल्या काही तासांत वेगाने आणि पुढे आठवडेच्या आठवडे हळूहळू चालते. सात दिवसांत काँक्रीट आपल्या २८ दिवसांच्या ताकदीचा साधारण दोन तृतीयांश भाग मिळवतं. मधेच पृष्ठभाग कोरडा पडला तर तिथली क्रिया थांबते, थर भुसभुशीत राहतो, बारीक तडे जातात. साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस, आणि कोरड्या उन्हाळ्यात किंवा फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटसाठी किमान दहा दिवस ओल टिकवायची, असं मानक सांगतं.

ओतताना मात्र नेमकं उलटं. पन्नास किलोच्या एका गोणीतल्या सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी साधारण बारा लिटर पाणी पुरतं. इतक्या कमी पाण्यात काँक्रीट हलत नाही, म्हणून पंचवीसेक लिटर घालावं लागतं. त्याहून जास्त घातलेलं पाणी पुढे उडून जातं आणि आपल्या जागी सूक्ष्म पोकळ्या सोडतं. ताकद जाते ती या पोकळ्यांमुळे, आणि त्यांच्याच वाटेने पुढे पावसाचं पाणी शिरून सळई गंजते. डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्ये मांडलेला नियम आजही प्रत्येक प्रयोगशाळेत गिरवला जातो: पाणी आणि सिमेंट यांचं गुणोत्तर वाढलं की ताकद घटते. साइटवर माल सरकत नाही म्हणून कुणी मिक्सरमध्ये एक बादली जास्त ओततो, तेव्हा हा नियम मोडला जातो. तीस सेंटिमीटर उंचीच्या लोखंडी शंकूत काँक्रीट भरून, शंकू उचलून, ढीग किती खचतो ते मोजायची स्लम्प चाचणी मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घेतात, ती यासाठी.

> चौकट: घराचं काम चालू असेल तर
> स्लॅबच्या आधी जाळीखाली तिला प्लेटेपासून वर धरणारे कव्हर ब्लॉक आणि गॅलरीच्या वरच्या सळयांखाली चेअर आहेत का ते पाहा. दर गोणीला किती पाणी घालणार ते आधीच ठरवून घ्या आणि मापाच्या भांड्यानेच घालू द्या. काँक्रीटचे ठोकळे भरून तपासणीला पाठवायला सांगा. स्लॅबखालचे टेकू मिस्त्रीच्या घाईने काढू देऊ नका, इंजिनिअरने सांगितल्यावरच काढा. आळीतलं पाणी दुपारी आटलं तर पुन्हा भरा.

माती पेलते किती

तीनमजली घराच्या एका कॉलममधून समजा चाळीस टन भार खाली येतो. नऊ इंच बाय पंधरा इंचाच्या कॉलमच्या तळाशी दर चौरस मीटरला साडेचारशे टनांहून जास्त दाब झाला. चांगला घट्ट मुरूम दर चौरस मीटरला वीसेक टन पेलेल असं धरलं, तर हाच भार दोन चौरस मीटरवर पसरावा लागेल, म्हणजे साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटर बाजूचं फूटिंग. पायाचं काम मुळात एवढंच: भाराला रुंद करून मातीच्या स्वाधीन करणं.

अडचण ही की माती कारखान्यात बनत नाही. काँक्रीटचा दर्जा आपण ठरवू शकतो, प्लॉटखालची माती जशी असेल तशी स्वीकारावी लागते. म्हणून जिओटेक्निकल इंजिनिअरिंग या विषयात आधी तिची ओळख करून घ्यायला शिकवतात. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून टाकून, नळी तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. नमुने आणून चाळतात, भिजवतात, वाळवतात, दाबतात. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वजा केला की उरतो तोच कणांनी खरोखर पेललेला भार, हे कार्ल टेर्झागी यांनी मांडलं आणि या विषयाला शास्त्राचं रूप आलं. पावसाळ्यात उतार का कोसळतो याचं उत्तर यात आहे. पाणी मुरतं, कणांमधला दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या वाचकांना काळ्या मातीचा जाच वेगळा सांगायला नको. या मातीतली एक प्रकारची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेलं घर दर वर्षी उचललं आणि खाली बसवलं जातं. भिंतींना तिरके तडे जातात. नवल म्हणजे हा त्रास हलक्या, एकमजली घरांना जास्त होतो, कारण त्यांचं वजन मातीच्या फुगण्याच्या दाबाला पुरं पडत नाही. उपाय दोन: काळा थर ओलांडून मुरमापर्यंत पाया नेणं, किंवा तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरणं. ते ऋतूंचा परिणाम पोचत नाही इतक्या खोलीवर घराला धरून ठेवतात. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने हे तंत्र आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी विकसित केलं.

घराबाहेर: पाणी, रस्ता, मोजणी

सिव्हिलचा निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम घराबाहेरचा आहे, आणि समाजाचं आरोग्य त्याच निम्म्यावर जास्त अवलंबून आहे. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. एक लाख वस्तीला रोज १ कोटी ३५ लाख लिटर. ते आणायचं, तुरटीने गाळ जड करून खाली बसवायचा, वाळूच्या थरांतून गाळायचं, क्लोरीन घालायचं, आणि शेवटच्या नळापर्यंत त्यातला थोडा क्लोरीन शिल्लक राहील हे बघायचं. मग त्यातलं सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येतं. ते शक्यतो पंपाशिवाय, उतारावरून, पण मैला तळाशी साचणार नाही इतक्या वेगाने वाहायला हवं.

पाण्याच्या याच कामात नाव मिळवलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकले. १८५४ मध्ये सरकारी बांधकामांसाठी कनिष्ठ अधिकारी घडवायला सुरू झालेल्या वर्गातून ही संस्था वाढली. पुढे मुंबई प्रांताच्या नोकरीत असताना विश्वेश्वरय्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसले. धरणाची भिंत न वाढवता जादा पाणी साठवायचं आणि पूर आला की दरवाजे आपोआप उघडायचे, अशी ती रचना होती.

रस्त्यांचं शिक्षणही बरंचसं पाण्याचंच शिक्षण आहे. डांबराखाली पाणी शिरलं, खालचा थर मऊ झाला की वरून जाणारं प्रत्येक चाक खड्डा खोल करतं. म्हणून मधून कडेला उतार आणि बाजूला गटार, या दोन गोष्टी डांबराइतक्याच महत्त्वाच्या. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला का असतो, वेग दुप्पट झाला की गाडीला बाहेर फेकणारा जोर चौपट का होतो, हेही इथेच. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचं नाव आपल्याला पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून माहीत असतं. सिव्हिलच्या विद्यार्थ्याला ते १९२७ च्या जयकर समितीमुळे भेटतात. तिच्या शिफारशींतून देशातल्या रस्तेविकासाच्या नियोजनाला सुरुवात झाली.

या सगळ्याच्या आधी मोजणी. सर्व्हेइंगच्या कॅम्पात मुलं दिवसभर उन्हात लेव्हल आणि टोटल स्टेशन घेऊन फिरतात आणि संध्याकाळी निघालेल्या बिंदूवर परत येऊन पाहतात, तर आकडा काही मिलिमीटरनी जुळत नाही. हा फरक किती असला तर चालतो, कसा वाटून टाकायचा आणि कधी सगळी मोजणी पुन्हा करायची, हे तिथे शिकायचं असतं.

जमीन आडवी हलते तेव्हा

इथपर्यंतचा भार वरून खाली उतरत होता. भूकंपात जमीनच आडवी हलते आणि इमारतीचं वजन जागच्या जागी राहू पाहतं. इमारतीवर येणारं आडवं बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतं. जितकी जड, तितका मोठा हिसका.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे घडलं त्याची कारणं या एका वाक्यात बरीचशी येतात. जाडजूड दगडी भिंती, सांध्यात माती, भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवणारे लांब दगड नाहीत, आणि वर माळवदाची माती. अर्धा मीटर जाडीच्या मातीचं वजनच दर चौरस मीटरला आठशे किलोंच्या घरात जातं, काँक्रीटच्या साध्या स्लॅबच्या अडीचपट. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी ही शहाणी बांधणी होती, पण आडव्या हिसक्यात भिंती फाकल्या आणि छत झोपलेल्या माणसांवर आलं. त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या मानकाने तो झोनच रद्द केला.

त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का बसला होता. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला आडवे तडे गेले, ते मुख्यतः भिंतीचा उतार जिथे अचानक बदलतो त्या उंचीवर. आकार जिथे एकदम बदलतो तिथे ताण गोळा होतो, हे खोडरबराच्या विषयातलंच सूत्र. धरण उभं राहिलं, नंतर त्याला खालच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन बळकट केलं गेलं, आणि जगभरच्या धरणांच्या अभ्यासात कोयना हे उदाहरण कायमचं जाऊन बसलं.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने काँक्रीटच्या इमारतींचा धडा दिला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींत तळमजल्यावर फक्त पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले होते. वरचा भाग ताठ, खालचे कॉलम एकटे, त्यामुळे सगळी हालचाल त्या कॉलमांवर आली. पुण्या-मुंबईत आजही अशा इमारती गल्लोगल्ली आहेत.

भूकंपात वाकूनही भार न सोडणारा कॉलम कसा घडवायचा, ते आयएस १३९२० या मानकात आहे आणि त्यातला सर्वांत साधा नियम रिंगेचा आहे. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती रिंगा असतात. रिंगेचं टोक ९० अंशात नुसतं दुमडलेलं असेल, तर हिसक्यात बाहेरचं काँक्रीट गळून पडताच ते उघडतं, रिंग सैल होते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक १३५ अंशात वळवून कॉलमच्या गाभ्यात घुसवलेलं असेल, तर ते तिथेच रुतून राहतं. नव्वद अंशात दुमडणं फिटरला सोपं जातं, म्हणून घाईत तेच होतं. चौथ्या वर्षाच्या ड्रॉइंग शीटवर विद्यार्थी ही रिंग मोठी करून, कोन लिहून काढतात. नोकरीला लागल्यावर कॉलमची प्लेट बंद होण्याआधी आत वाकून त्यांनी पहिल्यांदा पाहायचा असतो तो हाच कोन.